सादड्याच्या वळणावर बोलायचं नसतं

शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मिळून रस्ता बघून गाडी चालवणारे किती, असं मला कोणी विचारलं तर मोजायला एक हातही जास्त होईल. बाकी सगळे अंदाजपंचे. कोणी मामाच्या टेम्पोवर शिकलेला, कोणी शेतात ट्रॅक्टर फिरवून, कोणी मोबाईलवर बघून. हे लोक गाडी चालवत नाहीत, गाडी त्यांना नेते. समोर म्हैस आहे हे त्यांना ब्रेक दाबल्यावर कळतं, आणि मग शिव्या म्हशीला.

मी निचिते. किन्हवलीत माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. एक जुनी गाडी, तिच्या टपावर पाटी, माझ्या बाजूला जादा ब्रेक आणि क्लच. येणारा लायसनसाठी येतो, शिकायला कोणी येत नाही. "सर, आठचा आकडा काढला की झालं ना?" झालं रे बाबा. पुढचं आयुष्य तू आठच्या आकड्यातच काढणार आहेस.

माझी पद्धत एकच. गाडी चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "डावीकडे शाळा. समोर सायकलवाला, मागे बघत नाही. उजवीकडे टमटम, हात बाहेर, वळणार. आरसा: ट्रक, लांब आहे." थांबायचं नाही. डोळा फार आळशी असतो, बघितल्याचं नुसतं सोंग करतो. तोंडाने बोलायला लावलं की त्याची चोरी पकडली जाते. ठाण्यात एका बस कंपनीच्या ड्रायव्हरांना शिकवायचो तेव्हापासून मी हेच करतो. इकडे मात्र लोकांना हसू येतं. बाजारातून माझी गाडी गेली की टपरीवरचे रिकामटेकडे ओरडतात, "उजवीकडं निचिते सर!" ओरडा. उद्या गटारात पडाल तेव्हा गटारसुद्धा दिसलेलं नसेल.

त्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे कुणाली सरावाला यायची. माझ्या बहिणीची मुलगी, डोळखांबच्या बाजूला एका पाड्यावर दिलेली. नवरा गुजरातेत कामाला, महिन्याकाठी उगवतो. ही भिवंडीच्या गोदामात पॅकिंगला जायची. अंधारात निघायची, अंधारात यायची. सहा वर्षांच्या मनस्वीला झोपेतच शेजारणीकडे द्यायची आणि झोपेतच परत घ्यायची. "पोरगी मला वासावरनं वळखते, मामा," असं एकदा ती हसत हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

किन्हवलीतल्या एका शाळेला पाड्यांवरची मुलं आणायला व्हॅन चालवणारी बाई हवी होती. मनस्वी त्याच शाळेत. म्हणजे नोकरी मिळाली तर आई आणि मुलगी एकाच गाडीतून जाणार, एकाच गाडीतून येणार. कुणालीचं लायसन होतंच. अट एवढीच, की संस्थेच्या अध्यक्ष ताराबाई स्वतः मागे बसून तिचा हात बघणार आणि निचिते सरांनी "हो" म्हणायचं. ताराबाईंना गाडीतलं हॉर्नपलीकडे काही कळत नाही, पण अध्यक्षांनी काहीतरी बघायचंच असतं.

कुणाली चांगली चालवायची. मी कोणाला सहसा चांगलं म्हणत नाही. भाताच्या कापण्या चालल्या होत्या, रस्त्यावर भाऱ्यांचे ट्रॅक्टर, मध्येच गुरं, कडेला सुकत टाकलेलं भात. ती सगळं बोलायची, न अडखळता. मला न दिसलेलं एक मुंगूसही तिने एकदा सांगितलं. अडचण एकाच ठिकाणी होती.

किन्हवलीहून त्यांच्या पाड्याकडे जाताना रान दाट होतं, तिथे एक चढ आहे. चढाच्या माथ्यावर डाव्या हाताला सादड्याचं मोठं झाड, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल. बुंध्याशी दगडांचा ढीग. तिथून रस्ता वळून खाली उतरतो आणि एका मोरीवरून ओढा ओलांडतो. या सादड्यापासून मोरीपर्यंत कोणी बोलत नाही. लहानपणापासून बघतोय. जीपमध्ये बाया कचाकचा भांडत असतात, "तुझ्या सासूनं माझी—" आणि सादडा येतो. चिडीचूप. मोबाईलवर बोलणारे मोबाईल मांडीवर उलटा ठेवतात. मोरी गेली की जिथे तुटलं तिथूनच परत चालू, "—कोंबडी डालून ठेवली!" का, विचारलं तर म्हणतात, रीत हाय. फारच खोदलं तर एखादी म्हातारी सांगते, तिथं दिसंल ते दिसू द्यावा, तोंडानं घेऊ नये. काय दिसतं? "आमाला नाय दिसत काय." मग गप्प कशाला बसता? "रीत हाय." अशा डोक्यांना मी गाडी शिकवतो.

कुणालीही तिथे गप्प व्हायची. पहिल्यांदा मी सोडून दिलं. दुसऱ्यांदा माझ्या बाजूचा ब्रेक दाबून चढावरच गाडी उभी केली.

"जीभ गळाली का?"

तिने समोरच बघत मान हलवली.

"डोळे उघडे आहेत ना? मग बोल."

ती बोलली नाही. मी ब्रेक सोडला, तिने मोरी ओलांडली आणि श्वास सोडला. "मामा, तिथं नाय. बाकी कुठं पण सांगा."

"व्हॅनमधली मुलं रोज याच वळणावरून जाणार. इथे तू आंधळी झालीस तर चालेल?"

"बघत असते मी. बोलत नाय फक्त."

"न बोललेलं बघितलेलं नसतं," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या स्कूलच्या भिंतीवर रंगवलेलं आहे.

परतताना स्टिअरिंग मी घेतलं. म्हटलं, हिच्या डोक्यातलं जळमट एकदाच काढून टाकू. ओढ्यापलीकडे गाडी फिरवून घेतली, पुन्हा वर नेली, पुन्हा वळवली आणि माथ्यावरून उतरताना मुद्दाम आवाज चढवला. "डावीकडे सादडा, मोठा. बुंध्याशी दगडांचा ढीग, त्यावर सुकलेली फांदी. रस्ता वळतो. समोर मोरी, कठडा तुटका. ओढ्यात पाणी थोडं. आरसा: मागे कोणी नाही." एवढं बोललो. शब्द न् शब्द आठवतो. मग हसण्यासाठी तिच्याकडे वळलो.

गाडी उभी होती. मोरीच्या अलीकडे, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. ती कधी थांबली मला सांगता येत नाही. कुणाली स्वतःच्या दाराला चिकटून बसली होती आणि डॅशबोर्डकडे बघत होती. दार उघडं असल्याचा लाल दिवा पेटला होता.

"दार नीट लावायलाही मीच शिकवू?"

तिने दोन्ही हात दाखवले. तिने दाराला हात लावला नव्हता. दिवा आपला आपण विझला. मोरी ओलांडून बरंच पुढे गेल्यावर ती बोलली.

"मामा, तुमी त्याला घेतलात कशाला?"

"कोणाला?"

"तुमीच बोललात. डावीकडे माणूस, हात वर, गाडी थांबवतो." तिचा आवाज बारीक झाला होता. "आन् थांबवलीत."

मी हसलो. जोरात हसलो. तीस वर्षं ज्याने दिसेल ते बोलून दाखवलं त्याला आपण काय बोललो ते कळत नाही, आणि हिला कळतं! गावात वाढलं की डोक्यात असंच काहीबाही भरतं. मीही याच गावात वाढलो, पण मी ते वेळीच काढून टाकलं.

दाराचा स्विच बिघडला असणार म्हणून गाडी महादूकडे नेली. महादू आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक, बोलतो जास्त, काम कमी. तो दार चार वेळा उघडून लावून बघून म्हणाला, "स्विच बरोबर हाय, सर. पण पाठीमागं डावी बाजू बसलेय. वजन काय ठेवलाय?"

"काही नाही."

"मग स्प्रिंग गेली. नवीन टाकू?"

टाक म्हटलं असतं तर त्याने इंजिनही नवीन टाकलं असतं. मी गाडी घेऊन आलो. मागच्या सीटला वास येत होता, पाणी मारलेल्या राखेचा. पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजतात तेव्हा शिवारभर येतो तसा. पण राब भाजायला उन्हाळा यावा लागतो, तेव्हा तर कापण्या चालल्या होत्या. मी सीट पुसली आणि आरशाला मोगऱ्याची डबी लटकवली. आता राख आणि मोगरा असे दोन्ही वास यायला लागले.

त्यानंतर कुणालीचं बोलणं बदललं. समोरचं, डावीकडचं, उजवीकडचं सगळं सांगायची. आरसा मात्र टाळायची.

"आरसा?"

"बघितला."

"काय दिसलं?"

"रस्ता."

तिने आरसा इतका वर फिरवला होता की त्यात टपाचं कापड दिसत होतं. मी तो सरळ केला. मागे कोणी नव्हतं. डाव्या बाजूला सीट मधोमध दबलेली होती. जुना फोम असाच दबतो.

तिला घरी सोडलं की मनस्वी धावत यायची. गाडीतून पाड्याच्या टोकापर्यंत एक चक्कर हा तिचा हक्क होता. नवीन हिरव्या रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या, तोंडाचा पट्टा चालू, आणि मागची डावी खिडकी. खिडकी कोणाला देणार नाही, अगदी आईलाही नाही. एकदा शेजारच्या भूमिकाला तिने खिडकीपायी चावा घेतला होता. त्या दिवशी तिने मागचं दार उघडलं, उभी राहिली, आत बघितलं, हळूच दार लावलं आणि पुढे येऊन आईच्या मांडीवर बसली.

"आज खिडकी नको?" मी विचारलं.

तिने मान हलवली. चक्कर संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मी म्हटलं, पोरीला ताप येतोय.

ताराबाई येणार त्याच्या आदल्या दिवशी मी कुणालीला स्पष्ट सांगितलं. "उद्या वळणावर तोंड उघडलं नाहीस तर मी हो म्हणणार नाही. भाचीबिची घरी. मी आंधळ्या ड्रायव्हरच्या हातात मुलं देत नाही."

"मामा, गोदामाला मी रामराम ठोकलाय. परत नाय घेणार ते." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मनस्वीकडं तरी बघा."

"तिच्याकडे बघूनच सांगतोय."

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "बोलेन."

ताराबाई आल्या त्या पैठणी नेसून. दहा मिनिटांच्या रस्त्याला पैठणी. कुणालीच्या मागे उजवीकडे बसल्या, पर्स डावीकडे ठेवली. पर्स कोणी ढकलल्यासारखी त्यांच्याकडे सरकली. पुन्हा ठेवली, पुन्हा आली. शेवटी त्यांनी ती मांडीवर घेतली. "निचिते सर, गाडी झाडता का नाय? माझ्या पदराला राख लागली." मग नाक्यापासून रानापर्यंत त्या शाळेचं डिजिटल होणं, मुलांचा वैज्ञानिक दृष्टिकोन आणि नवीन गणवेश यांवर बोलत राहिल्या. कुणाली त्यांच्या आवाजावर आपला आवाज ठेवून रस्ता सांगत होती, एकही गोष्ट न सोडता. मला अभिमान वाटत होता, हे सांगून टाकतो.

चढ लागला. वैज्ञानिक दृष्टिकोनवाल्या बाईंनी वाक्य अर्धं सोडलं, मोबाईल उलटा ठेवला आणि डोळे घट्ट मिटले.

"समोर चढ," कुणाली म्हणाली. "पुढे वळण. डावीकडे सा—"

आणि तोंड मिटलं.

गेलं, मी मनात म्हणालो. नोकरी गेली. मूर्ख पोरगी. एका शब्दासाठी घालवली.

"—दडा, मोठा."

आवाज मागून आला.

"बुंध्याशी दगडांचा ढीग. त्यावर सुकलेली फांदी."

बाईचा नव्हता, पुरुषाचाही म्हणता येणार नाही. बसका होता. पण शब्द माझे होते, थांबे माझे होते. नवीन गोष्ट सांगण्याआधी मी जो बारीक श्वास घेतो, तोही होता.

कुणालीचे ओठ मिटलेले होते.

"डावीकडे मुलगी. लाल रिबीन. हात वर. गाडी थांबवते."

मी डावीकडे बघितलं. ढीग होता, फांदी होती. मुलगी नव्हती. कोणीच नव्हतं.

माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर जाऊन बसला होता. तो मी हाताने उचलला. कुणालीने गाडी पुढे काढली. मोरीवर चाकं वाजली.

ताराबाईंनी डोळे उघडले. "—आणि बुटांचा रंगपण तोच ठेवणार आहोत," त्यांनी आपलं वाक्य पुरं केलं. मग पुढे वाकून कुणालीच्या खांद्यावर थोपटलं. "धीट हाय हो पोरगी. त्या वळणावरपण बोलायची थांबली नाय. असाच माणूस पायजे आम्हाला. आवाज तेवढा बसलाय, थंडी सांभाळ गो."

अशी कुणालीला नोकरी लागली.

परतताना आम्ही दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही. तिला उतरवलं तेव्हा ती माझ्या पाया पडली, आणि मी तोंड दुसरीकडे केलं. मला भीती वाटत होती. सांगायचं तरी काय होतं? सांगायचं म्हणजे ते तोंडानं घ्यायचं. आणि लाल रिबिनीची मुलगी माझ्या ओळखीत कोणी नव्हती. मनस्वीच्या रिबिनी हिरव्या. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, तेवढ्यावर राहिलो.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या दुपारी कुणालीचा फोन आला. व्हॅन घरी आणून लावली होती. इतकी खूश मी तिला तिच्या लग्नातही बघितली नव्हती. "मामा, मनस्वी कालपासनं गणवेश घालून बसलेय. आन् शाळेनं रिबिनी बदलल्या. हिरव्या बंद, आता लाल. लय शोभतात तिला."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

सकाळी लवकर निघालो. ठरवलं होतं, मनस्वीला व्हॅनने जाऊ द्यायचं नाही. कारण काहीही सांगायचं. पहिला दिवस, आजोबांची हौस, काहीही. तिला माझ्या गाडीत पुढे बसवायचं, किन्हवलीला माझ्या घरी न्यायचं, शाळेचं नंतर बघू. इतकी वर्षं ज्या लोकांना हसलो त्यांच्यासारखाच सादड्याला तोंड घट्ट मिटून गेलो. ढिगाकडे बघितलंही नाही. मागूनही काही आवाज आला नाही. मोरी ओलांडली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

साऱ्या जगाला रस्ता बघायला शिकवणारा मी. मागची सीट विसरलो होतो.

पाड्याच्या तोंडाशी कुणाली व्हॅन वळवत होती. रस्त्याच्या कडेला मनस्वी उभी होती, पाठीला दप्तर, दोन वेण्या. माझी गाडी बघून तिने हात वर केला.

जिभेची सवय वाईट.

"डावीकडे मुल—" मी म्हणालो, आणि तोंड मिटलं.

"—गी," मागून आवाज आला. "लाल रिबीन. हात वर. गाडी थांबवते."

गाडी थांबली. पाय माझाच होता.

मनस्वी अजून लांब होती, वीसेक पावलं तरी. डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला. गाडी मागून हलकीशी वर उचलली गेली. दिवा विझला.

मी खाली उतरलो. "मनस्वी, इकडे ये. आजोबांच्या गाडीत बस."

"नाय," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या थोडं बाजूला, थोडं वर बघत होती. "आईच्या गाडीत जायचाय."

मी तिचा हात धरायला गेलो तोवर व्हॅन येऊन उभी राहिली होती, आणि मनस्वी आत चढली होती. "मामा, खास बघायला आलात?" कुणालीने खिडकीतून विचारलं. डोळ्यांत काजळ, अंगावर नवा ड्रेस. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो? जे बोलणार होतो तेच बोलायचं नसतं. ती हसली आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, मी शिकवलं तसं बोलत तिने गाडी काढली.

"समोर रस्ता मोकळा. उजवीकडे मामा, उभे. आरसा..."

पुढचं ती बोलली नाही. व्हॅन किन्हवलीकडे निघाली, वळणाच्या दिशेने. मी धावत येऊन माझ्या गाडीत बसलो. किल्ली फिरवतानाच लक्षात आलं, राखेचा वास गेला होता. नुसता मोगरा येत होता.

व्हॅनच्या मागच्या काचेतून मनस्वी दिसत होती. ती आतल्या बाजूला अंग चोरून बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. खिडकीची जागा तिने सोडली होती.